लूज नावाचं गाव

मधल्या सुट्टीची घंटा होऊन मुलं पांगली होती. मी शिक्षकांच्या खोलीत डबा उघडत होतो, तेवढ्यात दारात हसन तांडेल उभे दिसले. सारा जन्म गलबतांवर काढलेला हा माणूस शाळेची पायरी कधी चढल्याचं मला आठवत नाही. चपला बाहेर काढून ते आत आले, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि म्हणाले, "मास्तर गेले, दत्तोपंत. सकाळी आमच्या अमीनानं चाय नेऊन ठेवली. ती थंड झाली तरी उठले नाय म्हणून बघाया गेलो, तर..." पुढचं त्यांनी हातानंच सांगितलं. मी डबा तसाच झाकला. त्या खोलीत ज्या खुर्चीवर मास्तर इतकी वर्षं बसले, तिच्यावर तांडेलांना बसवलं आणि हेडमास्तरांना सांगायला गेलो. त्या गोष्टीला आता काही आठवडे झाले. इसाजी मास्तरांबद्दल चार शब्द लिहा असं इथल्या कित्येक जुन्या विद्यार्थ्यांनी सुचवलं, म्हणून हे लिहितो आहे. पण खरं सांगायचं तर त्यांच्याबद्दल लिहिताना मला एका गावाबद्दलच लिहावं लागणार आहे, आणि ते गाव रत्नागिरी नव्हे.

मास्तर आमच्या शाळेत भूगोल शिकवत. त्यांचा समाज बेने इस्राएलांचा, म्हणजे आपल्याकडे ज्यांना शनवार तेली म्हणत आले ते ज्यू लोक. त्यांच्या आजोबांचा दाभोळच्या पलीकडे एका खेड्यात तेलाचा घाणा होता. शनिवारी तो बंद असे आणि बैल दिवसभर रवंथ करत बसे, असं मास्तर सांगत. बोलणं, जेवणखाण, राग, लोभ सगळं आपल्यासारखंच. फक्त कोळंबी, कुर्ल्या, तिसऱ्या यांना ते शिवत नसत. ज्याला खवलं आणि पर नाहीत ते पाण्यातलं काहीही त्यांना वर्ज्य. मांडवीच्या धक्क्यावर संध्याकाळी फिरायला गेलं की हसन तांडेल त्यांची थट्टा करायचे, "रत्नागिरीत जन्म काढलात आणि तिसऱ्या खाल्ल्या नाय. अल्लाला जबाब काय देणार?" मास्तर म्हणायचे, "तुमचा आणि माझा जबाब घेणारा एकच आहे, तांडेल. तो म्हणेल, तुम्ही डुकराचं सोडलंत, यानं तिसऱ्यांचंही सोडलं. मला दोन मार्क जास्त." अशी त्यांची मैत्री. मी त्यात मागाहून सामील झालो, आणि बहुतेक वेळा ऐकण्याचंच काम केलं.

मास्तरांची पत्नी लवकर वारली. मागे एकुलती एक मुलगी, लेआ. तिला त्यांनी एकट्यानं वाढवलं, नर्सिंगला मुंबईला पाठवलं, तिथंच तिचं डेव्हिडशी लग्न झालं. डेव्हिड कारखान्यात फिटर होता. इस्राएल देश उभा राहिला, त्यांच्या समाजातली तरुण मंडळी एकामागून एक जाऊ लागली, तेव्हा या दोघांनीही जायचं ठरवलं. निरोप घ्यायला लेआ रत्नागिरीला आली होती. परत जाताना आम्ही सगळे तिला बोटीवर पोचवायला बंदरावर गेलो. बोट लांब उभी होती आणि तिच्याकडे नेणारा पडाव भरत आला होता. बापलेक जरा बाजूला उभं राहून बोलत होते. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, पण लेआचा चेहरा एकदम पडलेला दिसला. ती पडावात बसली आणि तिनं मागं वळून पाहिलं नाही. घरी येताना मास्तर माझ्या पुढे पुढे भराभर चालत होते. मी समजलो, माणूस रडतो आहे आणि आपल्याला दिसू नये म्हणून पुढे चालतो आहे.

वर्षभरानं लेआचं पत्र आलं. त्यांना दक्षिणेकडे, वाळवंटाच्या तोंडाशी एका नव्या वसाहतीत जागा मिळाली होती. पत्र्याच्या खोल्या, पाणी खारट, वारा सुटला की भाकरीत वाळू. लोक मात्र बरेचसे आपल्याकडचे. कोकणातले, काही कोचीनचे, काही बगदादचे. वसाहतीला अजून नाव नव्हतं, नुसता एक नंबर होता. लोक म्हणत होते आपणच शास्त्रातलं एखादं जुनं नाव काढू या आणि वरती कळवू या. तिनं लिहिलं होतं, 'बाबा, तुम्ही आयुष्यभर गावांची नावं मुलांकडून पाठ करून घेतलीत. आमच्या गावाला एक नाव द्या ना.'

त्या दिवसापासून मास्तरांना दुसरं काही सुचेना. उतारवयात ते आपल्या आपण हिब्रू शिकले होते. मुंबईच्या एका हज्जानांनी, म्हणजे प्रार्थना सांगणाऱ्या गृहस्थांनी, त्यांना अक्षरं घालून दिली होती, बाकीचं यांनी कोशाच्या आधारानं भागवलं. रोज संध्याकाळी धक्क्यावर नवं नाव निघायचं. त्यांचे पूर्वज मिसर सोडून चाळीस वर्षं वाळवंटातून चालले, तेव्हा जिथं जिथं तंबू ठोकले त्या जागांची नावं शास्त्रात आहेत. त्यातली बहुतेक ठिकाणं आज कुठे आहेत ते कुणालाच ठाऊक नाही. नाव उरलंय, गाव नाही. त्यातलं एक 'मिथ्का' त्यांना फार आवडलं होतं. अर्थ गोडी. पण आठवड्यानं त्यांनी तेही खोडलं. "लेआ म्हणते तिथलं पाणी खारं आहे. खाऱ्या पाण्याच्या गावाला गोडी नाव ठेवलं तर शेजारच्या गावचे लोक हसतील, दत्तोपंत. नाव माणसाला रोज उच्चारायचं असतं."

मग एके दिवशी ते 'लूज' घेऊन आले.

याकोबाची गोष्ट तशी बऱ्याच जणांना ठाऊक असते. घर सोडून निघालेला हा तरुण वाटेत दगड उशाला घेऊन झोपला आणि त्याला स्वर्गापर्यंत गेलेला जिना दिसला. जागा झाल्यावर त्यानं त्या जागेला नाव ठेवलं बेथेल, देवाचं घर. त्याच ओळीत पुढे म्हटलंय की त्या गावाचं आधीचं नाव लूज होतं. मास्तर म्हणाले, "बेथेलचं नाव जो तो घेतो. आधीच्या लूजचं कुणी विचारत नाही. कोण राहत होतं तिथं? लूज का म्हणत होते?" कोशात त्यांना दोन अर्थ मिळाले होते. एका अर्थी लूज म्हणजे बदामाचं झाड, तर कुणी म्हणे बदाम नव्हे, त्याच्याच जातीचं दुसरं झाड. दुसऱ्या अर्थी त्याच अक्षरांचं एक क्रियापद होतं, वाट सोडून बाजूला वळणं, दूर होणं. त्यातूनच पुढे वाकडा, कुटिल असाही एक शब्द झाला होता. गावाचं नाव झाडावरून पडलं की वळणावरून, हे काही केल्या सुटेना.

तांडेल जाळ्याच्या दोरीला गाठ मारत ऐकत होते. ते मध्येच म्हणाले, "काय बोललात? लूज? बसऱ्याच्या बाजारात आम्ही बदाम भरायचो, त्याला अरब लोक लौज बोलतात."

मास्तर कट्ट्यावरून उठून उभे राहिले. "पुन्हा म्हणा."

"लौज. कडू लौज, गोड लौज. पोतीच्या पोती चढवली हायत या हातांनी."

मास्तरांना इतका आनंद झाला की त्यांनी तांडेलांचा तो दोरीसकटचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. कोशातही अरबी शब्दाचा दाखला होता म्हणे, बारीक अक्षरात. पण छापलेलं वेगळं आणि ज्यानं तो माल खांद्यावरून वाहिला त्याच्या तोंडून ऐकणं वेगळं. दोन भाषा बहिणी बहिणी आहेत, ते त्या दिवशी धक्क्यावर बसून आम्हाला कळलं. तांडेल म्हणाले, "मग ठेवा बदामवाडी नाव. आपल्याकडं आंबेवाडी नाय का?"

पण मास्तरांचं तेवढ्यावर भागत नव्हतं. लूजची शास्त्रात आणखी एक गोष्ट येते, आणि त्यांचा जीव त्या दुसऱ्या गोष्टीत अडकला होता. ती त्यांनी मला एकट्याला सांगितली, शाळेच्या व्हरांड्यात. पुढे कितीतरी पिढ्यांनी इस्राएलांची फौज त्या गावावर चालून गेली. गावाला तट होता, आत शिरायची वाट सापडेना. तेवढ्यात एक माणूस गावातून बाहेर येताना दिसला. हेरांनी त्याला म्हटलं, वाट दाखव, तुला सोडून देतो. त्यानं वाट दाखवली. गाव पडलं. तो माणूस आपली बायकामुलं घेऊन दूर परमुलखात निघून गेला आणि तिथं त्यानं एक नवं गाव वसवलं. त्या गावाचं नाव ठेवलं लूज.

मी चटकन म्हणालो, "म्हणजे फितूर की हो!"

मास्तरांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, मी त्यांच्या धर्माविषयी काही वावगं बोललो. मग ते म्हणाले, "फितूर खराच. पण मग जाताना त्यानं गावाचंच नाव का नेलं? ज्याला गावाचं काही नव्हतं त्यानं नवं नाव ठेवलं असतं. शंभर नावं मिळाली असती..." आणि घंटा झाली म्हणून ते वर्गावर गेले.

'लूज' असं नाव आणि बदामाचा अर्थ लिहून त्यांनी लेआला कळवलं. उत्तर यायला बरेच महिने लागले. तिकडे गावांची नावं ठरवायला सरकारी समिती होती, आणि समितीनं वसाहतीला भलतंच काही नाव दिलं होतं. लूजचा विचार झाला, पण समितीतल्या एका विद्वानानं म्हटलं, शत्रूला वाट दाखवणाऱ्याच्या गावाचं नाव नव्या गावाला कशाला? मास्तरांनी ते पत्र मला वाचून दाखवलं, घडी घातली आणि म्हणाले, "तुम्हीही तेच म्हणाला होतात." त्यात राग नव्हता. पण त्यानंतर ते धक्क्यावर येईनासे झाले. मी घरी गेलो तेव्हा अंधारू लागलं होतं आणि त्यांनी दिवा लावला नव्हता. तेव्हा त्यांनी बंदरावरची गोष्ट सांगितली.

"लेआ पडावात बसायच्या आधी मी तिला काय म्हटलं, माहीत आहे? म्हटलं, ज्या मातीनं आपल्याला दोन हजार वर्षं सांभाळलं तिला सोडून जातेस, फितूर झालीस. हाच शब्द, दत्तोपंत. पोटच्या पोरीला. ती तशीच पडावात जाऊन बसली. मग तिची पत्रं आली. त्यात काय असायचं? आज सोलकढी केली, कोकमं संपत आली. शेजारणीला मोदक शिकवला. नमाजाची बांग इथं लांबून येते, मांडवीची आठवण येते... ती सगळी रत्नागिरी बरोबर घेऊन गेली होती हो. आणि मग हे लूज माझ्या समोर आलं. मला वाटलं, हे नाव तिच्या गावाला मिळालं की मला काही बोलावं लागणार नाही. तिला कळेल."

"मग लिहा ना तिला तसं," मी म्हणालो.

"हे पत्रात लिहिता येत नाही. समोर बसून सांगायचं असतं."

आणि या माणसानं, ज्यानं समाजातल्या प्रत्येकाशी न जाण्याबद्दल वाद घातला होता, जायचं ठरवलं. नोकरी संपतच आली होती. भाड्याचं घर सोडलं, भांडीकुंडी वाटून टाकली, शाळेत निरोपाचा समारंभ झाला, मुलांनी पोवळ्याच्या रंगाच्या कागदाची माळ घातली. बोटीवर चढताना ते लहान मुलासारखे हसत होते. पंधरवड्यात ते परत आले. मुंबईत इस्राएलला जाणाऱ्यांची तपासणी होती, तीत डॉक्टरांनी छाती ऐकून सांगितलं की हे हृदय एवढा प्रवास सोसणार नाही, यांना पाठवता येत नाही. बंदरावर उतरले तेव्हा हातात तीच वळकटी होती. घरात दुसरं बिऱ्हाड आलेलं. मी त्यांना माझ्याकडे न्यायला म्हणून पुढे झालो, तर तांडेलांनी वळकटी आधीच खांद्यावर टाकली होती. "तुमच्याकडं दोन खोल्या आणि सहा माणसं. आमची पोरं गेली बहरिनला, पडवीची खोली मोकळी हाय. चला मास्तर."

मास्तर संकोचले. "माझे खाण्याचे नियम..."

"ते अमीनाला ठाऊक हायत. तुमच्यासाठी तिनं टोप निराळा काढलाय."

त्या घरात मास्तर अखेरपर्यंत राहिले. एका घरात शुक्रवारी दुपारी नमाज आणि संध्याकाळपासून मास्तरांचा शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा. तांडेलांच्या पत्नी अमीनाबी शनिवारी त्यांच्या खोलीकडे कामाचं काही जाऊ देत नसत. "मास्तरांचा आज बैल बसलाय," असं त्या हसून म्हणत. घाण्याच्या बैलाची गोष्ट त्यांनाही ऐकवून झाली होती. दिवस बरे जात होते, पण लेआला सांगायचं ते मास्तरांच्या मनात तसंच राहिलं होतं. पत्रं जात येत होती, त्यांत हवापाणी असे, नातवाचे दात असत, आणि ते एक सोडून सगळं असे.

गेल्या हिवाळ्यात रेचल नावाची एक बाई मांडवीला आली. लेआबरोबर तिकडच्या दवाखान्यात काम करणारी, मूळची अलिबागकडची. आपल्या म्हाताऱ्या आईला न्यायला ती आली होती, आणि लेआनं तिला मुद्दाम रत्नागिरीपर्यंत पाठवलं होतं. मी तिथं होतो. चहा झाला, ख्यालीखुशाली झाली, नातवाचा फोटो तांडेलांच्या सगळ्या आळीतून फिरून आला. मग रेचल म्हणाली, "काका, लेआनं एक तोंडी निरोप दिलाय. म्हणाली, लिहायला जमत नाही, तू सांग. तुम्ही लूज नाव का सुचवलंत ते तिला तुमचं पत्र आलं त्याच दिवशी कळलं. तिनं ती गोष्ट काढून वाचली आणि रात्रभर रडली म्हणाली."

मास्तरांनी नातवाचा फोटो उचलून मांडीवर घेतला.

"आणि म्हणाली, बाबांना सांग, तो बंदरावरचा शब्द मी त्याच बोटीवरून समुद्रात टाकला. त्यांनी तो इतकी वर्षं कशाला जपून ठेवला?"

मास्तर हसले. मग डोळे पुसले आणि पुन्हा हसले. तांडेलांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले, आणि काहीतरी चांगलं झालं एवढं समजून आत ओरडले, "अमीना, आणखी चाय टाक!"

त्यानंतरचे महिने मास्तर एकदम हलके झाले होते. धक्क्यावर पुन्हा येऊ लागले, मात्र आता मधे दोनदा बसावं लागे. लूजचं वेड गेलं नव्हतं, फक्त त्यातला काटा गेला होता. एकदा त्यांनी आम्हाला त्यांच्या जुन्या पंडितांनी सांगितलेली एक दंतकथा ऐकवली. लूज गावात मृत्यूला येता येत नाही. वेशीपाशीच त्याला थांबावं लागतं. तिथली माणसं फार म्हातारी झाली, जगून कंटाळली, की आपणच उठून वेशीबाहेर जाऊन बसतात. मला ती कल्पना फार सुंदर वाटली. तांडेलांना मुळीच पटली नाही. "मग ते गाव नको आपल्याला. वेशीबाहेर एकटं जाऊन बसायचं? मरण गावातच यावं, मास्तर. गावात माणसं असतात." मास्तर समुद्राकडे बघत म्हणाले, "हे आमच्या पंडितांना कुणी सांगायला पाहिजे होतं."

शहराबाहेर कातळावर त्यांच्या समाजाची जुनी दफनभूमी आहे. मास्तर गेले त्याच दिवशी उन्हं उतरायच्या आत त्यांना तिथं नेलं. खांदा द्यायला शाळेतले आम्ही शिक्षक होतो, जुने विद्यार्थी होते आणि मांडवीची निम्मी आळी होती. विधी सॅम्युअलभाऊंनी सांगितला. पोस्टातून निवृत्त झालेले हे गृहस्थ, आणि ते धरून त्यांच्या समाजाचे तिघेच पुरुष आता रत्नागिरीत उरले आहेत. स्तोत्र म्हणून झालं, माती लोटून झाली. मग सॅम्युअलभाऊ हळूच म्हणाले, "आणखी एक प्रार्थना असते. कद्दिश. ती मुलानं किंवा आप्तानं म्हणायची. पण तिला आमचे दहा पुरुष लागतात. ती राहील."

तांडेलांनी सभोवार जमलेल्या माणसांकडे पाहिलं. "आम्ही एवढे उभे हाव. ते चालत नाय?"

"चालत असतं तर फार बरं झालं असतं, तांडेल," सॅम्युअलभाऊ म्हणाले. कुणीही जागचं हललं नाही. दहा नव्हे, शंभरावर माणसं त्या तापलेल्या कातळावर मुकाट उभी होती, एका न म्हटलेल्या प्रार्थनेसाठी...

तार केली होती. परवा लेआचं उत्तर आलं. ते वाचायला मी मांडवीला गेलो आणि मास्तरांच्या खोलीतच आम्ही तिघे बसलो. तांडेलांना आणि अमीनाबींना मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. तार पोचली त्याच संध्याकाळी वसाहतीतली माणसं तिच्या घरी जमली. कोकणातली, कोचीनची, बगदादची, आणि नुकतीच मोरोक्कोहून आलेली. दहाच्या कितीतरी वर. डेव्हिडनं कद्दिश म्हटली. हे ऐकून तांडेलांनी दोन्ही हात तोंडावरून फिरवले. "झाली ना," ते म्हणाले. "तिकडं झाली."

पुढे तिनं लिहिलं होतं : 'प्रार्थनेनंतर मोरोक्कोच्या एका म्हाताऱ्यांनी विचारलं, तुझे वडील कुठले? मी म्हटलं, रत्नागिरीचे. त्यांना ते नाव उच्चारता येईना. दोन तीनदा प्रयत्न करून त्यांनी विचारलं, या नावाचा अर्थ काय? मी सांगितलं, रत्नांचा डोंगर. तर ते म्हणाले, मग तिथं रत्नं सापडतात का? मला हसू आलं, आणि मग थांबवता येईना इतकं रडू आलं. काका, हे नाव खरंच कशावरून पडलं असेल? मी बाबांना कधी विचारलंच नाही. तुम्हाला ठाऊक असेल तर कळवा. इथले लोक पुन्हा विचारतील.'

मी पत्र खाली ठेवलं. इतकी वर्षं या गावात शिकवतो आहे, पण मलाही नक्की सांगता येईना. तांडेलांकडे पाहिलं.

"रत्नं कसली," ते म्हणाले. "खणून बघा, सगळा कातळ." मग खाली ठेवलेल्या पत्राकडे बघून म्हणाले, "पण तसं लिवू नका तिला."

अमीनाबींनी माझ्यासमोर कागद आणि दौत आणून ठेवली. मी भिंतीला टेकून लिहायला लागणार तोच त्या म्हणाल्या, "तिथं नको, अंधार होतो. खिडकीशी बसा. मास्तर तिथंच बसायचे." मी उठलो, खिडकीशी जाऊन बसलो. उजेड खरोखरच चांगला येत होता.

'चि. लेआ,' मी लिहिलं, 'अनेक आशीर्वाद. तुझ्या गावाच्या नावाचा शोध मी आजपासून घेतो आहे.'